पावसाच्या दुष्काळाचा धडा

"मॅडम, नोकरीतले दोन-चार गमतीदार अनुभव लिहा, दिवाळीचा अंक आहे, जरा हलकंफुलकं असू द्या," असं संपादकांनी फोनवर सांगितलं. मी हो म्हटलं. लिहायला बसले आणि पहिल्याच पानावर डोकं तापलं. निवृत्तीनंतर राग उतरला असेल असं मला वाटलं होतं. तो काही उतरलेला नाही. तेव्हा ज्यांना हलकंफुलकं हवंय त्यांनी आधी शंकरपाळे संपवावेत, मग इकडे वळावं.

बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी जन्मभर इतिहास शिकवला. इतिहास म्हटलं की लोक खुलतात, गडकिल्ल्यांबद्दल विचारायला लागतात. मी 'इंग्लंडचा मध्ययुगीन इतिहास' म्हटलं की त्यांचे चेहरे पडतात. हा पेपर आमच्या अभ्यासक्रमात कुणी घातला आणि कशासाठी, हे मला अखेरपर्यंत कळलं नाही. काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच खरं असावं. मराठ्यांचा इतिहास आधीच्या सरांनी वाटून घेतला होता. मी नवी, त्यात बाई, म्हणून इंग्लंड माझ्या पदरात पडलं. लग्नाकार्यात जेवणाच्या पंगतीत हमखास कुणीतरी विचारायचं, "पण मॅडम, आपल्याकडच्या पोरांना त्याचा काय उपयोग?" सुरुवातीला मी समजावून सांगत असे. नंतर नंतर "वाढपी आला, पुरी घ्या" म्हणून विषय संपवायला शिकले.

बाहेरच्यांना आमचं काम वाटतं तसं नव्हतं. आमची निम्मी मुलं ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. दसरा झाला की वर्ग पातळ व्हायला लागे, दिवाळीनंतर बाकं ओस, आणि पाडव्याच्या आगंमागं उन्हानं रापलेली तीच मुलं पुन्हा दारात उभी. विद्यापीठाच्या समजुतीप्रमाणे वर्ग जूनपासून सलग भरत असे. त्यामुळे मी प्रत्येक धडा दोनदा शिकवायचे, एकदा दिवाळीआधी आणि एकदा परत आलेल्यांसाठी. शिवाय माझी एक सक्ती होती. घोकंपट्टी चालणार नाही. फडात असा, शेतात असा, घरी असा, धडा कुणाला तरी गोष्टीसारखा सांगायचा. समोरच्याला कळला म्हणजे तुम्हाला आला. मुलं आईला सांगत, टोळीतल्या बायांना सांगत. एकानं तर सगळे इंग्लिश राजे आपल्या म्हशीला ऐकवले होते, आणि तो पहिल्या वर्गात पास झाला.

या सगळ्या राजांत एक माझ्या आवडीचा होता. आवडीचा म्हणजे तो चांगला होता म्हणून नव्हे, शिकवायला चांगला होता म्हणून. त्याच्या काळात इंग्लंडात मोठा दुष्काळ पडला आणि तो पावसानं पडला. पाऊस थांबेचना. पेरलेलं कुजलं, गवत सडलं, जनावरं चिखलात रुतून मेली. समुद्रकाठी मीठ वाळवायला ऊन मिळेना, म्हणून मिठाचाही भाव चढला. सलग दोन-तीन वर्षं हे चाललं. खुद्द राजा एका गावी मुक्कामाला गेला तर त्याच्या लवाजम्याला भाकरी मिळायची मारामार. आणि नेमक्या याच काळात राजाचं आणि त्याच्या चुलतभावाचं हाडवैर. राजाच्या एका लाडक्या मित्राला त्या चुलतभावाच्या गटानं मारून टाकलं होतं, तेव्हापासून दोघं एका छपराखाली बसायला तयार नव्हते. राजानं सभा बोलावली तर भाऊ येईना. सगळे सरदार त्याची वाट बघत खोळंबले. तिकडे सीमेवर लढाई चालू, म्हणून राजाची माणसं गावोगाव हिंडून धान्य, बैल, गाड्या उचलून नेत आणि मोबदला मागाहून मिळेल म्हणत.

ओला दुष्काळ हा शब्द आपल्याकडे आहे, पण तो एखाद्या हंगामापुरता. पाऊस पडून पडून माणसं उपाशी मरतात, हे आमच्या वर्गाला दर वर्षी पहिल्या दिवशी पटत नसे. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणायचंच, "मॅडम, तो पाऊस इकडं पाठवून द्यायचा व्हता."

मी सांगतेय ते वर्ष बहात्तरच्या मोठ्या दुष्काळानंतरचं, पण त्याची आठवण करून देणारं. लागोपाठ तिसरा पावसाळा कोरडा गेला होता. तोडणीला गेलेल्या टोळ्या त्या वर्षी महाशिवरात्रीच्या आतच परतल्या, कारण तोडायला ऊसच उरला नव्हता. परतलेल्यांत माझी केशर नावाची विद्यार्थिनी होती. तिचे वडील ग्यानबा हे गाडीवान, म्हणजे तोडलेला ऊस बैलगाडीतून कारखान्यावर पोचवणारे. त्यांची हरण्या आणि बाश्या ही बैलजोडी म्हणजे घरादाराची भाकरी. जोडी नसली तर मुकादम गाडीवान म्हणून उचलत नाही, मग नवरा-बायकोनं कोयता घेऊन फडात उतरायचं आणि घरातल्या शिकत्या पोरीनं कॉलेज सोडून मोळ्या बांधायला जायचं. केशरचं कॉलेज त्या दोन बैलांच्या जिवावर चाललं होतं, हे मी अलंकारिक बोलत नाही.

गावात काडी नव्हती, म्हणून ग्यानबा बैल घेऊन चारा छावणीत येऊन राहिले. चौसाळ्याकडून लिंबागणेशला जाणाऱ्या रस्त्याकडेच्या एका माळावर ती छावणी होती. ती चालवत होते आमच्या भागातल्या साखर कारखान्याचे चेअरमन. हेच गृहस्थ आमच्या शिक्षण संस्थेचेही अध्यक्ष. नावं मी सांगणार नाही, दोघांचीही नाही. दोघांची म्हणजे, कारखान्याचे व्हाइस चेअरमन हे या चेअरमनचे सख्खे साडू. दोघांनी मिळून कारखाना उभा केला, माळावर नारळ फोडला तेव्हा एकाच जीपमधून आले होते. पुढे कशावरून तरी बिनसलं. चेअरमनच्या ताब्यात छावणी, व्हाइसच्या ताब्यात पाण्याचे टँकर. ज्या गावानं छावणीत जनावरं नेली तिथं टँकर पोचायचा नाही, आणि ज्या गावानं टँकर घेतला त्याची जनावरं छावणीत शिरायची नाहीत. लोकांनी पाणी प्यावं की बैल जगवावा, हे दोन साडूंच्या भांडणावर ठरत होतं.

याहून संतापाची गोष्ट पुढेच आहे. कारखान्याच्या मालकीच्या शेतात नदीकाठी ऊस उभा होता. खुरटलेला, गाळपाच्या लायकीचा नाही, पण जनावरांना सोनं. तो तोडून छावण्यांना द्यायचा तर संचालक मंडळाचा ठराव पाहिजे. ठरावासाठी मीटिंग पाहिजे. मीटिंग बोलावली की व्हाइस आणि त्यांचे संचालक येत नसत, व्हाइसनं बोलावली की चेअरमन दवाखान्यात. माळावर जनावरं हंबरत होती आणि तिकडे ऊस उभ्या उभ्या वाळून चिपाड होत होता. हे सगळ्या जिल्ह्याला दिसत होतं. मीही रोज एसटीच्या खिडकीतून बघत होते.

केशर छावणीतच राहून परीक्षेचा अभ्यास करत होती. माझ्या सक्तीप्रमाणे ती धडा सांगायची. दुपारी बैलांना पेंढी टाकून झाली की बाया-माणसं नेटच्या सावलीत टेकत, आणि ही आपली गोष्ट सुरू करायची. रोज थोडी. लोकांना चटकच लागली. राजाला भाकरी मिळाली नाही हा भाग त्यांनी तिच्याकडून कितीदा तरी सांगवून घेतला.

एका दुपारी चेअरमनची जीप आली. त्याच दिवशी सकाळी मीटिंग पुन्हा बारगळली होती आणि साहेबांचा पारा चढलेला होता. पुढचं मला केशरनं सांगितलं तसं लिहिते. घोळका बघून ते मागं येऊन उभे राहिले. केशरची पाठ त्यांच्याकडे. ती सांगत होती, "राजानं सभा बोलावली, पन भाऊ काय येईना. समदे बसलेत वाट बघत. हिकडं लोकाच्या चुली थंड, आन राजाची मानसं बैलं सोडून न्यायलीत."

"हे कोनाचं चाललंय?" मागून आवाज आला.

केशर उठली. "इंग्लंडचं हाय, साहेब. परीक्षेला हाय आमाला."

"आस्सं. आन दुष्काळ कशानं पडला म्हनं तितं?"

"पावसानं. लई पाऊस झाला म्हनून."

यावर साहेब हसले. सोबतच्या माणसांकडे बघून म्हणाले, "बगा. पाऊस पडल्यावर कुटं दुष्काळ पडतो का बे? आपलंच समदं घेतलंय आन वळखू येऊ न्हाई म्हनून पाऊस उलटा लावलाय. कोन शिकवतंय हे?"

केशरनं माझं नाव सांगितलं. शिकवणाऱ्याचं नाव लपवायचं असतं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. साहेबांनी छावणीच्या मॅनेजरला हुकूम केला आणि हरण्या-बाश्याची दावी सोडली गेली. ग्यानबांनी हात जोडले, पोर हाय, चुकलं आसंल, म्हणाले. मॅनेजरनं बैल छावणीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला आणून उभे केले.

सातशे वर्षांपूर्वीचा पाऊस माझ्या एका विद्यार्थिनीच्या बैलांना असा भोवला. आजही कुणाला सांगितलं तर हसतात. मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं, केशरचा चेहरा बघेपर्यंत. ती दुसऱ्या दिवशी कॉलेजात आली, स्टाफरूमच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, मी बराबर सांगत हुते. आता बैलाला काय घालू?"

मी तशीच प्राचार्यांकडे गेले. आमचे प्राचार्य सज्जन होते. सज्जन माणसाचा ऐनवेळी काहीच उपयोग होत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले. ते म्हणाले, "मॅडम, तो पावसाचा राजा या वर्षी सोडून द्या ना. इतके राजे आहेत." मी म्हटलं, पेपरला येतो. ते म्हणाले, "ऑप्शनला टाका."

मग मी चेअरमनची भेट मागितली. भेट म्हणजे काय असतं हे सहकारात ज्यांचं काम पडलंय त्यांना माहीत आहे. साहेब मुंबईला. साहेब आले, पण पूजेला बसलेत. साहेब मीटिंगला, जी होणार नव्हती. मी कारखान्याच्या ऑफिसातल्या बाकावर बसून राहायचे, चहा यायचा, साहेब यायचे नाहीत. आणि इकडे ग्यानबा बाभळीचा पाला झोडून, कुणाकडून चिपाड मागून, दोन बैलांची तोंडं हलती ठेवत होते. व्हाइसच्या माणसांकडेही ते गेले होते. "छावणीत गेलता ना? मंग तितंच जावा," असं उत्तर मिळालं.

शेवटी भेट झाली तेव्हा साहेब मोठ्या अदबीनं बोलले. "मॅडम, तुमी आमच्या संस्थेच्या जुन्या शिक्षिका. आमाला तुमचा आदर हाय. पन लोकात भलताच समज पसरायलाय. आमचे साडू त्याचा फायदा उचलतेत."

"साहेब, मी हा धडा तुमचा कारखाना उभा राहायच्या आधीपासून शिकवते."

"मंग तुमीच येऊन सांगा की छावणीत. हे विलायतेचं हाय, जुनं हाय, आमचा संबंध न्हाई. तुमच्या तोंडून ऐकलं की लोकाला पटंल. तवाच बैल आत."

मी कबूल झाले. दोन बैलांसाठी मी त्या दिवशी काहीही कबूल केलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी छावणीत उभी राहिले. दावणींच्या मधे खुर्ची मांडलेली, साहेब त्यावर बसलेले. समोर दोनेकशे माणसं जमिनीवर. एवढा चांगला वर्ग मला नोकरीत पुन्हा मिळाला नाही. मी सांगितलं, हे इंग्लंडचं आहे, सातशे वर्षांपूर्वीचं आहे. तिथं तेव्हा खरोखर पावसानं दुष्काळ पडला. एक म्हातारी म्हणाली, "ऊनच न्हाई? मग कपडे कशात वाळवायचे बाई?" सगळे हसले, साहेबही हसले. मग मी पुढे गेले. राजा आणि चुलतभाऊ. सभा बोलावली आणि भाऊ आला नाही. सरदार खोळंबले. तोवर गावोगाव लोक पेरायला ठेवलेलं बी खायला लागले, नांगराचे बैल मारून खायला लागले.

मला हे गाळता आलं असतं. साहेबांची तशी अपेक्षाच होती. पण मी चाळीस मिनिटांचा तास घेणारी बाई आहे, मधलं पान फाडून शिकवणं मला जमत नाही. मी एकही शब्द वाढवला नाही आणि एकही गाळला नाही. समोरचं हसणं हळूहळू थांबलं. माणसं माझ्याकडे बघेनाशी झाली. ती नदीच्या बाजूला बघायला लागली, जिथं कारखान्याचा ऊस उभा होता.

साहेब खुर्चीवरून उठले. "बास, मॅडम. कळलं लोकाला. विलायतेचं हाय." आणि मॅनेजरला म्हणाले, "घ्या ती बैलं आत."

माणसं रस्त्याकडे धावली. बाश्या उठला, लडखडत आत आला. हरण्या उठला नाही. तो त्या सकाळपासून उठत नव्हता, हे ग्यानबांनी मला सांगितलं नव्हतं. मी येणार म्हणून त्यांनी त्याच्या तोंडावर पाण्याचा हबका मारून त्याला तसाच बसवून ठेवला होता. चार माणसांनी शेपटीला, शिंगांना धरून उचलून पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसानं उष्माघात म्हणून सांगितलं.

मी भेटीची वाट बघत ज्या बाकावर बसले होते तो बाक मी आजही विसरलेले नाही. मला चहा पाजत होते आणि तिकडे बैल मरत होता.

वैशाखात कारखान्याची निवडणूक लागली. अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दोन्ही साडूंत समेट झाला. निम्म्या जागा याच्या, निम्म्या त्याच्या, निवडणूक बिनविरोध. कारखान्याच्या पटांगणात मंडप घातला, आम्हा प्राध्यापकांना हजर राहायचं पत्र आलं. दोघांनी स्टेजवर एकमेकांना पेढा भरवला आणि गळ्यात पडले. व्हाइस म्हणाले, घरातलं भांडण होतं, घरात मिटलं. त्याच आठवड्यात ऊस तोडायचा ठराव झाला. तोवर त्या उसाला जनावर तोंड लावीना. पुढच्या निवडणुकीला हे दोघं पुन्हा वेगळे झाले, हे सांगायला नकोच.

केशरची परीक्षा त्यानंतर होती. ग्यानबा तिला घेऊन कॉलेजच्या फाटकाशी आले होते. पुढच्या हंगामाला मुकादमानं त्यांना गाडीवान म्हणून नाही, कोयत्यावर बोलावलं होतं. म्हणजे केशरची ही परीक्षा शेवटचीच होती. आम्हा तिघांनाही ते माहीत होतं. ती नमस्कार करून आत गेली. ग्यानबा फाटकाशीच थांबले. पांढरी टोपी काढून हातात घेतली.

"मॅडम, त्या दिशी तुमचं सांगनं आर्धंच ऱ्हायलं. साहेब उठले. फुडं त्या दोघाचं काय झालं?"

"समेट झाला," मी म्हटलं. "एका पुलावर भेटले, तिकडच्या रीतीप्रमाणे लोकांदेखत एकमेकांचे मुके घेतले."

"कवा?"

"पाऊस थांबला, पिकं यायला लागली, त्यानंतर."

पोरं आत जात होती, शिपाई घाई करत होता.

"मंग आदीच कावून न्हाई भेटले?"

हा प्रश्न पेपरला असतो. राजा आणि सरदार यांच्यातील समेटास विलंब का झाला, कारणे लिहा. त्याची कारणं मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिली होती, मुलांनी उतरवून घेतली होती. ती सगळी मला पाठ होती. संस्थेची दोन माणसं फाटकाशी उभी राहून ऐकत होती, तेही मला दिसत होतं.

"त्यांचे बैल मेले नव्हते म्हणून," मी म्हणाले.

ग्यानबांनी मान हलवली. टोपी डोक्यावर घातली. "मंग हेच लिव म्हना केशरला पेपरात."

या उत्तराला मार्क मिळत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही.